जागेचा कौल

आमच्या मालवणच्या बाजूला दिवाळी म्हणजे मुख्यतः चावदिस. पहाटेची अंघोळ झाली, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फुटले, की उजाडायच्या आत घरोघरी पोह्यांची बोलावणी सुरू होतात. गोडे पोहे, तिखट पोहे, ताकातले पोहे, नारळाच्या रसातले पोहे, अशा चार-पाच वाट्या प्रत्येक घरी पुढ्यात येतात आणि एकही नाकारता येत नाही. गेल्या चावदिसाला माझा एक जुना विद्यार्थी असाच पोहे खायला आला होता. सुताराचा मुलगा. त्याच्या वडिलांना सारा गाव मेस्त्री म्हणतो. माझ्या घरची दारे, देव्हारा आणि आजवर एकदाही न कुरकुरलेला झोपाळा त्यांच्याच हातचा. मुलाचा हातही बापासारखाच बसलेला आहे.

ताकातल्या पोह्यांची वाटी खाली ठेवीत तो म्हणाला, "गुरुजी, तां मोठां फर्निचराचां दुकान आपल्या कुडाळाक कधी येतलां?"

दुकान म्हणजे आयकिया. स्वीडन देशातली ही पेढी आता जगभर पसरली आहे. तिची जाहिरात त्याने मोबाइलवर पाहिली होती. मी हसून म्हटले, "अरे, आपल्याकडे माणसां खंय आसत?" मला ते विनोदाने बोलल्यासारखे वाटले, पण तो हसला नाही. मग हळूहळू सांगू लागला. नवी मुंबईत फर्निचर जोडून देण्याचे काम त्याला मिळत होते. पगार ठरलेला, महिन्याच्या महिन्याला. इकडे बापाचा हात थकत चाललेला, आणि फणसाचे कपाट करून घेणारे गिऱ्हाईक वर्षाकाठी एखादे. दुकानच जर कुडाळला आले, तर घर न सोडता काम होईल, असा त्याचा साधा हिशेब होता. त्याने चौकशी केली नव्हती, मला कौल लावला होता; आणि मी मात्र एक कोटी करून मोकळा झालो होतो.

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही. दुकानाने जागा कशी निवडावी, हा वरवर पाहता व्यापाऱ्याचा प्रश्न. पण विचार करू लागलो म्हणजे ध्यानात येते की, माणसाने जागेशी कसे वागावे, हा फार जुना नीतीचा प्रश्न त्याच्या पोटात आहे.

प्रथम व्यापाऱ्याचे ऐकून घेऊ. या पेढीने भारतात दुकाने उघडण्यासाठी २०१२ साली अर्ज केला आणि २०१३ साली तिला परवानगी मिळाली. पहिले दुकान हैदराबादला ९ ऑगस्ट २०१८ रोजी उघडले. महाराष्ट्रातले पहिले उघडले नवी मुंबईत तुर्भे येथे, १८ डिसेंबर २०२० रोजी. साऱ्या जगावर महामारीचे सावट होते तेव्हा. म्हणजे परवानगी हाती आल्यावरही महाराष्ट्रात दार उघडायला सात वर्षे लागली. तुर्भ्याची जागा नकाशावर पाहिली म्हणजे निवडीमागचा हिशेब शाळकरी पोरालाही कळेल. एका अंगाला ठाणे-बेलापूर रस्ता, जवळच शीव-पनवेल महामार्ग, चालत जाण्याजोगे रेल्वेस्थानक, फार दूर नाही असे न्हावाशेवा बंदर, आणि तासा-दीड तासाच्या टापूत लक्षावधी बिऱ्हाडे. त्यांतली कित्येक नुकतीच मांडलेली, म्हणजे खाट, टेबल, कपाट या साऱ्याच वस्तूंची गरज असलेली. एवढे मोठे दुकान शहराच्या काळजात बसवायचे तर जमीन परवडत नाही; फार दूर बसवले तर गिऱ्हाईक येत नाही. या दोहोंच्या मधली रेघ शोधून काढायची, एवढेच त्या शास्त्राचे सार.

आता हीच फूटपट्टी आमच्या जिल्ह्याला लावा. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. साऱ्या देशात माणसे वाढत असता आमच्याकडे ती घटली. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १०३६. कारण कर्ते पुरुष पोटामागे बाहेर गेलेले. कोकण रेल्वे १९९८ साली आली, महामार्ग रुंद झाला, चिपीला विमानतळही २०२१ साली झाला. पण वाट रुंद झाली म्हणजे माणसे येतातच असे नाही, जाणाऱ्यांचीही सोय होते. तेव्हा कोणी हिशेबी माणूस कुडाळला एवढे दुकान थाटील हे संभवत नाही. आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? बाजार नेहमी माणसे जिथे भेटतात तिथेच भरत आला आहे. खाडीच्या मुखाशी, घाटाच्या पायथ्याशी, चार वाटा मिळतात तिथे. आमचे मालवण बंदर वाढले तेही गलबतांना सोयीचे म्हणून. कुणी मालवणवर उपकार करण्यासाठी ते वसवले नव्हते. व्यापाऱ्याने माणसे मोजावीत, हा त्याचा धर्म आहे. खोटे मोजून तो कुठे बसला, तर स्वतः बुडतो आणि ज्यांना कामावर ठेवले त्यांनाही घेऊन बुडतो.

मग माझ्या मनाला टोचले ते काय? ते सांगण्यासाठी आमच्याकडची जागा पाहण्याची रीत सांगितली पाहिजे.

कोकणात घर बांधायचे झाले तर तिथेही हिशेब आधी होतो. पाणी किती हातांवर लागेल, पावसाचा लोट कुठून येईल, वारा कोणत्या अंगाने छप्पर उचलील, हे जाणता माणूस पायांनी फिरून पाहतो. पण एवढ्याने काम भागत नाही. त्या जागेचा कोणी राखणदार आहे, असे आम्ही मानतो. त्याच्यापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालायचे, की बा महाराजा, आम्ही इथे राहायला येत आहोत, चुकले-माकले पोटात घाल; आणि भोवतालच्या चार माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. मोठे काम असेल तर ग्रामदेवतेला कौल लावायचा. पाकळी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. नकार आला म्हणून ठरलेले बेत पुढे ढकलणारी शहाणीसुरती माणसे मी पाहिली आहेत.

पाकळीत देव बोलतो की नाही, या वादात मी शिरत नाही. ज्याची त्याची श्रद्धा. मला त्या रीतीतला नीतीचा भाग महत्त्वाचा वाटतो. हिशेब म्हणतो, ही जागा मला उपयोगी आहे काय? कौल विचारतो, मी या जागेला चालेन काय? पहिल्या प्रश्नात जागा मुकी आहे. दुसऱ्यात तिला नाही म्हणण्याचा अधिकार आहे. आणि जिला नाही म्हणण्याचा अधिकार आहे तिच्याशीच माणूस वचनाने बांधला जातो. दगडाशी कोणी करार करीत नाही.

तुर्भ्याचेच पाहा. आज नकाशावर ती जागा म्हणजे रस्त्यांच्या जाळ्यातला एक सोयीचा ठिपका. पण तो सारा पट्टा आगरी-कोळ्यांच्या गावांचा. भातशेती, मिठागरे आणि खाडीची मासळी यांवर जगणाऱ्या माणसांचा. आधी ठाणे-बेलापूर रस्त्याला औद्योगिक वसाहत आली. मग १९७० साली नवे शहर वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर त्या शहराचा आराखडा उभा राहिला. मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या बाजूला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले, त्यात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्यानंतर कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण ठरले. या गोष्टीशी त्या दुकानाचा संबंध नाही. ते फार नंतर आले, आणि रिकामी दिसणारी जागा त्याने रीतसर घेतली. पण शहरात आपण जिथे जिथे पाऊल ठेवतो, तिथे कोणाचा तरी न विचारलेला कौल पायाखाली असतो, एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे. नवे कपाट घेऊन आनंदाने घरी जाताना ते ठाऊक असल्याने आनंद उणा होत नाही. माणूस थोडा नम्र होतो, इतकेच.

यावर कोणी म्हणेल, गुरुजी, हे भावनेचे बोलणे झाले. मोठी कामे भावनेने होत नाहीत. त्याला मी आमच्या दारातलाच दाखला देईन. मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग दिसतो. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी या किल्ल्याचा पाया घातला. जंजिरा हाती येत नव्हता, समुद्रावर आपला पाय रोवणे भाग होते, आणि त्यासाठी जागा शोधायची होती. कुरटे बेटाची निवड पुरेपूर हिशेबी आहे. सुमारे ४८ एकरांचा खडक, सभोवती पाण्याखाली दडलेले दगड, अनोळखी जहाजाला जवळ येणे कठीण, आणि भर समुद्रात गोड्या पाण्याच्या विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव ही त्यांची नावे आमची शाळेतली मुले कवितेसारखी म्हणतात. पण त्या खडकांमधल्या वाटा राजाला कुठून ठाऊक असणार? त्या इथल्या दर्यावर्दी माणसांनी दाखवल्या, आणि त्यांना त्याबद्दल इनामे मिळाली, असे परंपरा सांगते. किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. तिथे पूजा होऊन मग काम सुरू झाले. पायात शिसे ओतले, आणि तीन वर्षांत तट उभा राहिला. पुढे राजाराम महाराजांच्या काळात किल्ल्यात शिवरायांचे मंदिर झाले, आणि तिथली पूजा आजही चालते.

या एका निवडीत मला तीन गोष्टी दिसतात. डोळे उघडे ठेवून मोजमाप केले. जागेच्या माणसांना विचारले. आणि एकदा निवडल्यावर पायात शिसे ओतले. म्हणजे इथून उठून जायचे नाही, असे स्वतःला बांधून घेतले. हिशेब आणि जिव्हाळा यांचे वैर आहे हा आपला गैरसमज असावा. निवड करण्यापूर्वीचा हिशेब निर्दोष असतो. खरी परीक्षा निवडीनंतर सुरू होते.

इथे मला वाटले, आता आपण त्या परदेशी दुकानाला पकडले. कारण ज्याचे सारे शास्त्रच सुटे करण्याचे आहे, ते पायात शिसे कशाला ओतील? १९५६ च्या सुमारास या पेढीतल्या एका माणसाला टेबल मोटारीत मावेना, म्हणून त्याने पाय काढून टेबलाखाली बांधले. त्यातून सामान सपाट खोक्यात भरून विकायची आणि गिऱ्हाइकानेच ते घरी जोडायची पद्धत रूढ झाली, असे सांगतात. आमच्या मेस्त्रींचे कपाट एका घरासाठी जन्माला येते. भिंतीचा कल, दाराची उंची, घरच्या बाईचा हात कुठवर पोचतो, हे सारे पाहून कुसू खाचेत बसते, आणि पुन्हा निघत नाही. खोक्यातले कपाट कोणत्याही घराचे असते. एकाला मुळे आहेत, दुसऱ्याला चाके.

पण हा आरोप मनातल्या मनात नीट रचून झाला, तेव्हा मला माझीच लाज वाटली. ज्याला दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवावे लागते, त्याने फणसाचे कपाट घेऊन काय करावे? दीडशे-दोनशे चौरस फुटांत संसार करणाऱ्या मुलीला भिंतीला लागून उभे राहणारे, स्वस्त, हलके, उद्या सुटे करता येणारे कपाट मिळाले, तर तिच्या दृष्टीने ती लक्ष्मीच. आणि ही बिऱ्हाडे कोणाची? त्यांत आमचीच किती! मालवण, देवगड, वेंगुर्ल्याची माणसे पिढ्यान् पिढ्या गिरणगावातल्या चाळींत गाव-खोल्या करून राहिली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले, तशी त्यांची मुले-नातवंडे डोंबिवली, विरार, नवी मुंबईकडे पांगली. त्यांनी मुंबई निवडली ती कशी? माणसे मोजून, पैसा मोजून. तुर्भ्याला दुकान ज्या हिशेबाने गेले, त्याच हिशेबाने आमचा गावही तिकडे गेला. तो हिशेब भुकेचा होता, म्हणून मला त्यात पाप दिसत नाही. पण मग दुकानालाच तेवढा दोष देण्याचा अधिकार आम्हाला कुठून आला? कुलूप घातलेली घरे, पडवीत वाळवी लागलेला पाट, वर्षातून एकदा गणपतीला उघडणारे दार. ही काही आयकियाने केलेली नाहीत.

शिवाय त्या दुकानाची स्वतःची कथा मला आणखी अडचणीत टाकते. ज्याने ते काढले त्या इंग्वार काम्प्रादने आपले पहिले दुकान १९५८ साली उघडले ते राजधानीत नव्हे. स्टॉकहोमजवळचे दुकान पुढे १९६५ साली झाले. पहिले उघडले एल्महुल्ट नावाच्या लहानशा गावात, स्मोलांड या प्रांतात. हा प्रांत दगडधोंड्यांचा, रानाचा, नापीक. तिथूनही एके काळी माणसे शेकड्यांनी अमेरिकेला गेली. काटकसरीसाठी आणि चिकाटीसाठी त्यांची ख्याती. वाचताना मला आपल्याच लाल मातीची आठवण झाली. आणि नाव पाहा. आयकिया या नावात पहिली दोन अक्षरे त्याच्या नाव-आडनावाची, तिसरे एल्मतारीद या त्यांच्या शेताचे, चौथे आगुन्नारीद या गावचे. आम्ही मालवणकर, वेंगुर्लेकर, आचरेकर म्हणवतो, त्यातलाच हा प्रकार! त्याने ती जागा निवडलीच नव्हती. तो तिथला होता. जिथे होता तिथे त्याने दुकान मांडले. आधी तो टपालाने माल विकी. घरबसल्या छापील यादी पाहणाऱ्या लोकांचा विश्वास बसेना, त्यांनी सामान हाताने चाचपून पाहावे, म्हणून १९५३ साली तिथेच त्याने प्रदर्शन मांडले, आणि लोक दुरून त्या गावात येऊ लागले.

यावरून 'आपणही गावातच राहून जग जिंकावे' असा धडा काढायचा मोह मला, मास्तर असल्यामुळे, लगेच झाला. पण तो खरा नव्हे. असे एक एल्महुल्ट होते, तेव्हा हजार गावे रिकामी होत असतात. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळे आणि खेळणी पाहून परक्यांनी वाहवा केली, तरी प्रत्येक कारागिराच्या मुलाने तिथेच बसावे असे सांगणारा मी कोण? शिवाय काम्प्राद स्वतःही १९७३ साली देश सोडून गेला. करांचा भार सोसवेना म्हणून गेला. चाळीस वर्षे डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमध्ये काढली. आणि अगदी म्हातारपणी परतला, पेन्शन घेऊन गावी येणाऱ्या आमच्या चाकरमान्यासारखा. २०१८ च्या जानेवारीत त्याने देह ठेवला तो आपल्या स्मोलांडातच. हिशेबाने नेले आणि कशाने तरी परत आणले. ते 'कशाने तरी' कोणत्याही फूटपट्टीवर दिसत नाही. पण ते नसते, तर त्या नावातली शेवटची दोन अक्षरे नुसती शोभेची ठरली असती.

म्हणून मी या निष्कर्षावर आलो आहे की, कोणी जागा निवडली किंवा सोडली, यावरून त्याची नीती ठरत नाही. जाताना किंवा येताना त्याने काय अंगावर घेतले, यावरून ती ठरते. दुकान कुठेही जावो. जिथे जाईल तिथल्या माणसाला त्याने नुसता गिऱ्हाईक म्हणून मोजू नये, त्याच्या हाताला काम आणि शब्दाला मान द्यावा. आणि माणूस कुठेही जावो. मागे ठेवलेल्या जागेचे काही देणे आपण लागतो, हे त्याने विसरू नये. न निवडले गेल्याचे दुःख आपण करू नये हेही त्यातच आले. आपल्याकडे मोठे दुकान आले नाही, म्हणजे आपली जागा हलकी ठरली, असे नव्हे. ती एका फूटपट्टीवर कमी भरली, एवढेच.

माझा विद्यार्थी मार्गशीर्षात नवी मुंबईला गेला. जाण्यापूर्वी पुन्हा विचारायला आला होता. मी त्याला जा म्हटले नाही, राहा म्हटले नाही. एवढेच म्हटले, "बाबा, जातस तर जा, पण मेस्त्रींच्या हातातलां एक तरी काम शिकान घेतल्याशिवाय जाव नको." तो पंधरा दिवस थांबला आणि बापाकडून झोपाळ्याच्या कड्यांचे काम शिकून गेला.

यंदा गणपतीला तो आला तो एक सपाट खोके घेऊन. आईसाठी लहानसे कपाट. कोणत्या दुकानातले ते मी विचारले नाही. षट्कोनी किल्ली फिरवीत अर्ध्या तासात त्याने ते ओटीवर उभे केले, तेव्हा आम्ही सारे कौतुकाने पाहत होतो. उभे राहिल्यावर ते किंचित डुलले. कपाटाचा दोष नव्हता. ते सपाट फरशीसाठी केलेले, आणि मेस्त्रींची ओटी शेणाने सारवलेली, एका अंगाला उतरती. मुलाचा चेहरा पडला. मेस्त्री काही बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी फणसाचा एक तुकडा आणला, पटाशीने दोनदा-तीनदा ताशीत पातळ पाचर केली, आणि वाकून डाव्या पायाखाली सरकवली. मग हाताने कपाट हलवून पाहिले. ते हलले नाही. मेस्त्री पोराकडे पाहून म्हणाले, "आता ह्यां आपल्या घराचां झालां."

मुलगा परत गेला आहे. या चावदिसाला रजा मिळाली तर येईन म्हणतो. ताकातले पोहे करायला घरी सांगून ठेवले आहे. त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला तर या वेळी मी कोटी करणार नाही.